पहिले मुलगे, शेवटच्या मुली

१

टेबलावर दोन कागद होते. एक निकालाचा तक्ता आणि दुसरं बडतर्फीचं पत्र. पत्रावर परीक्षा कार्यालयाच्या साहेबांची सही होऊन गेली होती. खाली आणखी एका सहीपुरती जागा कोरी होती, आणि तेवढ्या जागेसाठी बाईंना घरून बोलावून घेतलं होतं.

विज्ञानाच्या मुख्य परीक्षक म्हणून निवृत्त होऊन बाईंना बारा वर्षं झाली होती. कार्यालयातल्या कुणाची नोकरी जायची वेळ आली, की बाहेरच्या एका जाणत्या माणसाने पुरावा पाहून सही करायची, असा जुना नियम होता. "ताई, मान द्यायला नाही बोलावलेलं," धाकट्या बहिणीने सकाळी चहा ओतता ओतता ऐकवलं होतं. "बाकीचे कुणी उरले नाहीत म्हणून बोलावलंय. जा, सही कर आणि येताना दोरा आण पांढरा."

साहेबांनी तक्ता बाईंच्या पुढे सरकवला. दर तीन वर्षांनी आठवीच्या मुलांची विज्ञानाची चाचणी व्हायची. तीस प्रश्न, तीस गुण. कोणत्या भागातली मुलं कुठवर पोचली, मुलगे किती, मुली किती, हे त्यावरून ठरायचं. देशाचे चार पट्टे पाडलेले होते.

"शहरपट्टा बघा. मुलगे अठरा, मुली अठरा. किनारपट्टा, सोळा आणि सोळा. मैदानी भाग, दोघंही पंधराच्या पुढे. इथवर ठीक?"

"ठीक."

"आता डोंगरपट्टा."

बाईंनी चष्मा खाली घेऊन पाहिलं. डोंगरपट्ट्यातल्या मुलग्यांची सरासरी एकवीस होती, सगळ्या देशात पहिली. मुलींची तेरा होती, सगळ्या देशात शेवटची.

"वर्ग तेच?"

"वर्ग तेच, शिक्षक तेच, फळासुद्धा तोच. सहा शाळा, आणि सहाही ठिकाणी पेपर घ्यायला एकच पर्यवेक्षिका गेली. एकोणीस वर्षं नोकरी झालीय तिची." साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि त्यातल्या एका वर्गात तिचा सख्खा भाचा आहे. मुलग्यांना उत्तरं सांगितली, बाई. यात शोधायचं काही राहिलेलं नाही. पाच वाजता पत्र टपालात जाईल."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते.

"पाचला वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या. "तोवर जरा तिच्याशी बोलते."

२

पर्यवेक्षिका बाहेर बाकावर बसली होती. चाळिशी उलटलेली, अंगाने बारीक, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पहाटेची पहिली बस पकडून आली होती. बाई शेजारी बसल्या तशी ती उठायला गेली.

"बस गं. मीही बसूनच बोलणार आहे, गुडघे माझे ऐकत नाहीत. सांगितलीस का उत्तरं?"

"नाही."

"भाच्यालाही नाही?"

"त्या ढब्बूला?" ती क्षणभर विसरलीच की आपली चौकशी चाललीय. "बाई, त्याला अकरा पडलेत. तीसपैकी अकरा. माझी बहीण आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीये, म्हणते सख्खी मावशी वर्गात उभी होती आणि काय उपयोग झाला. मला सांगायचंच असतं तर आधी त्याला सांगितलं नसतं?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. भाच्याचे अकरा गुण साहेबांनी पाहिले नसणार. संशयाला भाचा पुरला होता, भाच्याचे गुण कोण काढून बघतो.

"मग मुलग्यांना एकवीस आणि मुलींना तेरा कसे?"

"तेच कळत नाही. मी चार वर्षं त्या शाळांमधून जातेय. मुली हुशार आहेत, बाई. मुलग्यांपेक्षा कमी तर नाहीतच. आणि कच्चा निकाल मागच्या आठवड्यात शाळांत गेला. घाटातल्या शेवटच्या शाळेतल्या मॅडम सांगत होत्या, मुली मानच वर करत नाहीत. एकीने विज्ञानाची वही घरी नेऊन फाडली." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "माझी नोकरी गेली तर घर कसं चालायचं, ते मला माहीत नाही. नवरा चार वर्षं आजारी आहे. पण चोर म्हणून घरी जायचं, हे मला जमणार नाही."

चाळीस वर्षांत बाईंनी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते. खोटं बोलणारा आपल्या बाजूचं जपून मांडतो. ही सगळं भडाभडा ओतत होती.

"नियमाप्रमाणे सगळं केलंस ना?"

आता मात्र तिने बोटाचा बंद सोडला.

"एक नियम मोडला," ती म्हणाली. "सहाही शाळांत मोडला."

३

नियम असा होता. चाचणीचे पेपर दोन रंगांचे, पिवळे आणि निळे. प्रश्न दोन्हींत तेच, फक्त क्रम उलटापालटा, म्हणजे शेजारच्याचं बघून उत्तरांचे गोल काळे करता येऊ नयेत. वाटताना एक पिवळा, एक निळा, एक पिवळा, एक निळा असे वाटत जायचे. आणि गोळा केल्यावर पिवळ्यांचा गठ्ठा वेगळा, निळ्यांचा वेगळा, मोजून, सुतळी बांधून जीपमध्ये ठेवायचे.

"सहा शाळा तीन दिवसांत," पर्यवेक्षिका सांगत होती. "घाटाचा रस्ता, जीपवाला खाली हॉर्न मारतोय. पेपर निवडत बसायला अर्धा तास जातो. आणि तिथे एका बाकावर एकच मूल असतं, वर्गात मुलंच तेवढी. कोण कुणाचं बघणार? मुलगे खिडकीच्या बाजूला बसतात, मुली भिंतीच्या. मी खिडकीकडे पिवळे वाटले, भिंतीकडे निळे. गोळा करताना दोन गठ्ठे आपोआप तयार."

"सहाही शाळांत तसंच?"

"सहाही. खिडकीकडे पिवळे, भिंतीकडे निळे. चुकलं माझं. पण त्याने काय बिघडलं, बाई? प्रश्न तर तेच होते."

बाईंनाही त्यात काही बिघडल्यासारखं वाटेना. त्या तशाच उठून गुणांचा हिशेब ठेवणाऱ्या आकडेवाल्याच्या खोलीत गेल्या. हा तरुण हुशार होता, संगणकाशी लाडात बोलायचा आणि माणसांशी घाईत.

"मॅडम, पिवळा-निळा काही फरक नाही," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "यंत्र रंग ओळखतं, त्या रंगाची उत्तरं लावतं, गुण देतं. पुढच्या हिशेबात रंगाचा रकाना मी काढूनच टाकला. प्रश्न तेच, मग रंग कशाला वागवायचा?"

"मॅडम नको, बाई म्हण. तीन वर्षांपूर्वी देशाची सरासरी किती होती?"

"वीस."

"आणि यंदा?"

"सोळा. ती एक वेगळीच रड आहे. साहेब म्हणतात मोबाइलमुळे."

"चार गुण एकदम?"

"वर तसंच कळवलंय."

बाईंनी मनातल्या मनात गाठ मारून ठेवली. मुलं तीन वर्षांत इतकी बिघडत नाहीत. बिघडली तरी चारी पट्ट्यांत एका तालात बिघडत नाहीत.

"मला पेपर बघायचेत. डोंगरपट्ट्यातल्या मुलींचे."

आता त्याने मान वळवली. "पेपर? म्हणजे कागद? बाई, ते तळघरात आहेत. कागद कोण बघतं आता?"

"मी बघते," बाई म्हणाल्या. "किल्ली घे आणि चल. माझ्याच्याने खोकी उचलवणार नाहीत."

४

तळघरात लोखंडी मांडण्या होत्या आणि जुन्या कागदाचा तो वास. बाईंना तो नाकात शिरताच तीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं. पूर्वी याच जागी लांब टेबलांवर चाळीस परीक्षक बसत. थंडीत हातमोज्यांची टोकं कापून घालत आणि लाल शाईने बोटं रंगवून घरी जात. आता टेबलं नव्हती. बाईंनी एक खोकं उपडं घालून त्यावर बैठक मारली.

पहिला निळा पेपर तेरा गुणांचा होता. मुलीने कच्चं काम पेपरातच केलं होतं. सतराव्या प्रश्नात दोन भांडी उन्हात ठेवली होती, एक काळं, एक पांढरं, आणि आधी तापतं कोणतं असं विचारलं होतं. तिने बाजूला सूर्य काढला होता, काळ्या भांड्याकडे चार बाण आणि पांढऱ्याकडे जाऊन परत फिरलेले तीन. बरोबर गोल काळा केला होता. यंत्राने शून्य दिलं होतं.

"हे चूक कसं?" बाईंनी विचारलं.

आकडेवाला वाकला. "यंत्र चुकत नाही, बाई. उत्तर चुकलं असेल."

"काळं भांडं आधी तापत नाही?"

तो पेपर उचलून पुन्हा बघायला लागला.

बाईंनी निळ्या पेपरचा उत्तरतक्ता मागवला. मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याची एक लांब पट्टी केली आणि तिच्या कडेला तीस उत्तरं ओळीने लिहिली. ही त्यांच्या काळातली रीत होती. पट्टी मुलाच्या उत्तरांशेजारी धरायची, की नजर एकदा खाली उतरेपर्यंत पेपर तपासून झाला. त्या काळी एखादं मूल घाईत एक गोल सोडून द्यायचं आणि पुढची सगळी उत्तरं एक घर खाली घसरायची. मग दयाळू परीक्षक पट्टी एक घर खाली ओढून बघायचे. जुळलं, की मुलाला पास करायचे आणि त्याबद्दल बोलायचे नाहीत.

पट्टी धरली. दहाव्यापर्यंत सुरेख जुळत होती. अकराव्यापासून सगळा विस्कोट.

"गोल सोडला हिने," बाई म्हणाल्या आणि पट्टी खाली ओढली. जुळलं नाही. उलट जास्तच बिघडलं.

त्यांनी पट्टी दहाव्यानंतर कापली आणि उरलेला तुकडा एक घर वर सरकवला.

एकामागून एक, जवळजवळ सगळी उत्तरं जागेवर येऊन बसली.

बाईंनी दुसरा पेपर घेतला, तिसरा घेतला. बारावा होईपर्यंत आकडेवालाही शेजारी फरशीवर बसला होता आणि स्वतःची पट्टी कापत होता. प्रत्येक मुलगी अकराव्या घराशी अडखळत होती आणि तुकडा वर सरकवला की सावरत होती.

"सगळ्यांनी तोच गोल सोडला?" तो पुटपुटला.

"गोल सोडला की पट्टी खाली ओढावी लागते. मी चाळीस वर्षांत ती वर सरकवलेली नाही." बाईंच्या आवाजाला नकळत धार आली. "पोरींचं काही सुटलेलं नाही. तक्त्यातच एक उत्तर जास्तीचं आहे. तू असं कर, तो तुझा काढून टाकलेला रंगाचा रकाना परत आण. आणि किनारपट्ट्याचे गुण सांग. मुलगे-मुली नकोत. पिवळे आणि निळे सांग."

तो धावत वर गेला. दहा मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"किनारपट्ट्यात पिवळे वीस, निळे बारा. शहरात पिवळे बावीस, निळे चौदा. सगळीकडे तसंच आहे, बाई. सगळ्या देशात."

५

उत्तरतक्ते करणारे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात बसायचे. सगळे त्यांना तक्तेकाका म्हणत. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. बाईंनी आकडेवाल्याला सोबत नेऊन कापलेली पट्टी त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता.

"माझं नाही हे," ते म्हणाले. "मी मंजूर हस्तलिखितावरून तक्ता केला, तीनदा ताडून. पाकिटात घातला, लाख लावली. शेवटच्या वर्षात माझ्या डोक्यावर हे नका घालू, बाई."

"घालत नाही. हस्तलिखित दाखवा."

त्यांनी कपाट उघडलं. निळ्या पेपरच्या हस्तलिखितात अकरावा प्रश्न मेणबत्तीचा होता. बरणी उपडी घातली की ज्योत का विझते, सोबत चित्र. बाईंनी छापलेला निळा पेपर शेजारी ठेवला. त्यात अकरावा प्रश्न लोहचुंबकाचा होता.

"चुंबक तर बारावा आहे," तक्तेकाका म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मेणबत्ती कुठे गेली?"

मेणबत्ती कुठेच नव्हती. तिच्यामागचे एकोणीस प्रश्न एकेक घर वर आले होते आणि तिसाव्या जागी भलताच एक प्रश्न येऊन बसला होता. तक्त्यात मात्र मेणबत्ती जिथल्या तिथे होती. पिवळ्या पेपरात ती एकोणिसावी होती, चित्रासकट, सुखरूप.

"छपाईच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"रजेवर. मुलीचं बाळंतपण होतं, तीन दिवस नव्हतो."

बाईंनी तिथूनच छापखान्याला फोन लावला. छापखान्याच्या फोरमनचा आवाज खणखणीत होता, आकडेवाल्यालाही पलीकडून ऐकू येत होता.

"आहे ना नोंद. निळ्याच्या पाचव्या पानावर चित्र काळं आलं होतं, मेणबत्तीचा नुसता डाग झाला होता. मी फोन केला. तिकडून सांगितलं, तो प्रश्न काढा, पुढचे वर घ्या, शेवटी राखीव प्रश्नांमधला घाला. तसं केलं. वहीत वेळसुद्धा लिहिलीय."

"सांगितलं कुणी?"

"कुणी म्हणजे? तुमच्या साहेबांनी. आणखी कोण सांगणार?"

तक्तेकाकांनी कप खाली ठेवला. आकडेवाला छताकडे बघायला लागला.

६

साडेतीन वाजता बाई साहेबांच्या खोलीत शिरल्या. पर्यवेक्षिकेलाही त्यांनी आत बोलावून घेतलं आणि खुर्चीवर बसवलं. साहेबांना ते आवडलं नाही.

बाईंनी घाई केली नाही. आधी पट्टी दाखवली, कापलेली आणि सरकवलेली. मग रंगांचे आकडे ठेवले. इतर भागांत पिवळे-निळे पेपर मुलग्यांत आणि मुलींत सारखे वाटले गेले, म्हणून चूक दोघांत सारखी पसरली. कुणालाच काही दिसलं नाही, नुसते सगळे थोडे थोडे खाली आले. डोंगरात सगळे पिवळे मुलग्यांकडे गेले आणि सगळे निळे मुलींकडे. मुलग्यांना आपले खरे गुण मिळाले, म्हणून ते पहिले दिसले. सगळी चूक एकट्या मुलींच्या वाट्याला आली, म्हणून त्या शेवटच्या.

"उत्तरं कुणी कुणाला सांगितली नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग तक्त्याचा घोळ घातला कुणी? काकांनी?"

"साहेब, छपाईच्या दिवशी एक काळी मेणबत्ती आली होती. आठवते?"

साहेबांचा हात सावकाश कपाळाकडे गेला.

"छापखान्याचा फोन," ते म्हणाले. "मी जिन्यात होतो. वर बैठक होती. म्हटलं, काका आले की त्यांना सांगू." ते थांबले. "आणि सांगायचं राहून गेलं. मीच."

टेबलावर ते पत्र तसंच पडलं होतं. साहेबांनी ते उचललं, दुमडलं, पुन्हा उलगडलं आणि शेवटी खणात टाकलं. मग पर्यवेक्षिकेकडे पाहून म्हणाले, "चूक माझी होती. मी तुमच्यावर ढकलली. मला माफ करा." एवढी तीन वाक्यं त्यांच्या तोंडून यायला वेळ लागला, पण आली.

पर्यवेक्षिकेने मांडीवरची पिशवी खाली ठेवली, सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात आकडेवाला दार न वाजवताच आत आला. हातात नवा तक्ता होता. "यंत्र पुन्हा चालवलं. डोंगरपट्टा, मुलगे एकवीस, मुली एकवीस. शहराच्या खालोखाल. आणि साहेब, देशाची सरासरी वीस. मुलं होती तिथेच आहेत."

"म्हणजे घसरण झालीच नाही?"

"एका गुणाचीही नाही."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. चार गुणांची घसरण वर कळवल्यापासून त्यांना झोप नव्हती, हे त्यांनी आता कबूल केलं. मोबाइलच्या दुष्परिणामांवर त्यांनी अकरा पानांचं टिपण लिहून ठेवलं होतं. ते आता कुणाला दाखवू नका, असं बाईंनी सुचवलं, आणि आकडेवाला खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवून हसला.

"एक राहिलंच," साहेब जरा सावरून म्हणाले. "पेपर वाटायचा नियम तर यांनी मोडलाय. लेखी ताकीद द्यावी लागेल."

"द्या की. नियम तो नियम," बाई म्हणाल्या. "पण त्याच कागदावर खाली हेही लिहा, की यांनी तो पाळला असता, तर डोंगरपट्ट्यातही चूक सारखी पसरली असती. चारही पट्टे सारखे खाली दिसले असते. कुणालाच संशय आला नसता, मी घरी बसले असते, आणि देशभरातली पोरं चार गुणांनी मठ्ठ ठरून वर्षानुवर्षं तुमच्या कपाटात राहिली असती. ताकीद द्या आणि आभारही माना. सही मग मी आनंदाने करते."

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि खरंच लिहायला घेतलं.

"मी एक फोन करू का?" पर्यवेक्षिकेने विचारलं. "शाळा सुटायला अजून पंधरा मिनिटं आहेत."

तिने शेवटच्या शाळेला फोन लावला. पलीकडे मॅडमनी उचलला. पर्यवेक्षिकेने दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून आवाज आला, "थांबा. मला नका सांगू. मी फोन वर्गात नेते."

पावलं ऐकू आली, दार करकरलं, बाकं सरकल्याचा आवाज झाला. पर्यवेक्षिका खुर्चीतून उठून ताठ उभी राहिली, जशी वर्गात उभी राहत असेल तशी. तिने घसा साफ केला.

"मुलींनो," ती म्हणाली, "भिंतीकडच्या सगळ्या जणी ऐका. तुमचे पेपर आम्ही आज हाताने तपासले."